मदत हवी आहे: सरकारने कुठे थांबावं, यावर चर्चची शिकवण

नमस्कार मंडळी. मी मूळची वसईची, सध्या न्यू जर्सीत. पुढच्या महिन्यात आमच्या पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) अभ्यासगटात मला ‘सबसिडिॲरिटी’वर बोलायचंय. जे काम कुटुंब, गाव किंवा स्थानिक संस्था करू शकते, ते वरच्या सत्तेने हिसकावून घेऊ नये, हे पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली मांडलेलं तत्त्व. मला ते मनापासून पटतं. वसईच्या कॅथलिकांनी १९१८ मध्ये स्वतःची सहकारी बँक उभी केली, ती कुणाच्या हुकमाने नव्हे!

पण अडतंय वेगळ्याच ठिकाणी. २०१२ मध्ये अमेरिकी खासदार पॉल रायन यांनी याच तत्त्वाचा आधार घेऊन खर्चकपातीचं बजेट मांडलं, आणि अमेरिकेतल्या बिशपांनी गरिबांच्या फूड स्टॅम्पवरच्या (अन्नासाठीच्या सरकारी मदतीवरच्या) कपातीला विरोध केला. दोघेही कॅथलिक, शिकवण एकच. पोप जॉन पॉल दुसरे १९९१ च्या आपल्या पत्रात कल्याणकारी राज्याच्या वाढत्या नोकरशाहीवर टीका करतात, पण त्याच पत्रात दुर्बलांच्या रक्षणाची जबाबदारी सरकारवरही टाकतात.

शनिवारी मी पॅरिशच्या अन्नवाटपाला असते. परवा अकरालाच तांदूळ संपला, रांगेत अजून माणसं होती. एका आजींनी रिकामी पिशवी नीट घडी घालून परत पर्समध्ये ठेवली. तेव्हापासून माझं भाषण पुढे सरकत नाहीये.

स्थानिक हात अपुरे पडले की सरकारने किती आणि कुठवर यावं, यावर चर्चच्या दस्तऐवजांत नेमकं कुठे वाचू? कुणी धर्मगुरूंकडून शिकलं असेल तर कृपया सांगा. मराठीत काही असेल तर फारच बरं.