निराधारचा 'पगार'

दारव्हेकर: आमच्या आजीला निराधार योजनेचे पैसे मिळतात. ती त्याला 'पगार' म्हणते. "माहा पगार जमा झाला का, बँकेत पाहून येजो." मी एकदा शहाणपणा केला, म्हटलं आजी, पगार काम केल्यावर मिळते, हे अनुदान आहे. तर म्हणे, "मंग साठ वर्सं निंदन कोनं केलं?" मी गप्प. पण शब्द म्हणून हा वापर चूक की बरोबर?

अचलपूरचा: 'पगार' पोर्तुगीजांकडून आला. तिकडे ते क्रियापद, अर्थ पैसे देणे, चुकते करणे. नोकरीचा वास त्याला मराठीत लागला. म्हणजे आजी चुकली नाही.

आमच्याकडे 'निराधार' हे विशेषण राहिलंच नाही, नपुंसकलिंगी नाम झालं. "तिचं निराधार मंजूर झालं", "त्याचं निराधार बंद पडलं." १९८० साली योजना आली तेव्हा नाव ठेवणाऱ्याला हे सुचलंही नसेल. आता तर निराधारला आधार जोडावं लागते!

वर्धेकर: याच्या आधीचे शब्द पाहा. 'सदावर्त' म्हणजे सदाव्रत, रोजचं अन्नदान. त्यात देणाऱ्याचं व्रत आहे, घेणाऱ्याचा हक्क नाही. 'खैरात' अरबीतली, 'खैर' म्हणजे भलं, त्याचं अनेकवचन. मुळात सत्कृत्यं. आपल्याकडे मात्र 'खैरात वाटतात' म्हटलं की नाक मुरडलंच समजा. शेंडगावच्या गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या, सदावर्तं चालवली, पण आधी हातात खराटा घेऊन गाव झाडलं. त्याला कोणता शब्द लावायचा? 'सेवा' म्हणू, पण अपुरा वाटतो.

एमएसडब्ल्यूवाला: म्हणूनच आम्हाला एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या वर्षी 'समाजसेवा' म्हणू देत नसत, 'समाजकार्य' म्हणा! हा शब्द सरळ भाषांतराचा. मुंबईत १९३६ साली दोराबजी टाटांच्या नावाने देशातली पहिली समाजकार्य शाळा निघाली, तेव्हापासून हे पगारी, शिकून करायचं काम झालं. गावात मात्र 'समाजसेवक' म्हणजे वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा माणूस. मी शिकलो काय हे बाबांना अजून सांगता येत नाही.

गरिबांना सरकारी मदत देण्याच्या धोरणाचं मूळ शोधायचं तर इंग्लंडचा १६०१ चा गरीब कायदा. चर्चच्या हद्दीतल्या लोकांकडून कर गोळा करायचा, म्हाताऱ्या-अपंगांना मदत द्यायची, धडधाकटाला कामाला लावायचं. खरा गरजू कोण, हे ठरवणारा कोणीतरी तेव्हापासून आहेच. आपल्याकडे त्याचा शब्द 'दाखला'. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणल्याशिवाय गरीबसुद्धा गरीब नसते.

अचलपूरचा: यात 'हमी' हा शब्द मला सगळ्यात मोठा वाटतो. बहात्तरच्या दुष्काळातल्या कामांतून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळालं नाही तर भत्ता. 'मदत' किंवा 'अनुदान' म्हटलं की देणाऱ्याची मर्जी आली. 'हमी' म्हटलं की तो बांधला गेला. लोक अजून "रोजगार हमीवर जातो" म्हणतात, "मदत घेतो" म्हणत नाहीत. आजीचा 'पगार' त्याच घरचा.

दारव्हेकर: पटलं. आज कपाटातून तिच्या अर्जाची झेरॉक्स काढून पाहिली. व्यवसायाच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं आहे. अक्षर माझंच.