बॉल पायथन सापाला श्वसनसंसर्ग, घरी इंजेक्शन देण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. लेकीचा चार वर्षांचा बॉल पायथन आठवडाभर डोकं वर धरून, तोंड उघडून श्वास घेतोय. ओठांच्या कडेला चिकट बुडबुडे दिसतात, रात्री बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. हीटिंग मॅट बंद पडल्याचं उशिरा लक्षात आलं, त्याची फार रुखरुख लागली आहे.

व्हेटनं सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक दिलंय, दर 72 तासांनी, शरीराच्या पुढच्या भागातल्या स्नायूत. पहिलं त्यांनीच टोचलं, पुढची घरी द्यायचीत. पण हात लावला की तो घट्ट वेटोळं करून डोकं आत खुपसतो. एकट्या माणसानं कसं धरायचं? त्याच्या पेटीची उबदार बाजू 32 अंशांवर आहे, रात्रीही तेवढीच ठेवायची का? दोनदा उंदीर नाकारलाय, बरा होईपर्यंत खायला देऊच नये ना? अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा, पुढचं इंजेक्शन परवा आहे.