1999 च्या सीडीतला तानपुरा वाजत नाही

मिरजेची_तार :
नमस्कार मंडळी. आमचं मिरजेत तंतुवाद्यांचं दुकान आहे, आता भाऊ बघतो. 1999 मध्ये अमेरिकेतल्या आतेभावानं दुकानाची वेबसाइट करून दिली होती. तिकडच्या गिऱ्हाइकानं आधी तानपुरा ऐकायचा, मग पैसे पाठवायचे, असा बेत. साइट केव्हाच बंद पडली. परवा माळा आवरताना तिची सीडी सापडली.

तिच्यात सात आरएएम फाइली, सात आरएम, एक एसडब्ल्यूएफ (नाव 'इंट्रो') आणि एक एमओव्ही आहे. एमओव्हीत बाबा घोडीवर (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) जवारी (तारेची गुंज) लावताना दिसतात, असं आई सांगते. क्रोममध्ये पान उघडलं तर नुसते रिकामे चौकोन. आरएएम उघडली तर नोटपॅडमध्ये एकच ओळ, पीएनएमपासून सुरू होणारा कसला तरी पत्ता. म्हणजे फाइल खराब झाली का? बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, त्यामुळे उगाच काही दाबून बघायची भीती वाटते.

पलूसचा_पोरगा :
ताई, आधी अख्खी सीडी हार्डडिस्कवर कॉपी करा. मग व्हीएलसी प्लेअर टाका, आरएम आणि एमओव्ही दोन्ही सहसा चालतात. एसडब्ल्यूएफ म्हणजे फ्लॅशची हलती चित्रं, त्यासाठी रफल नावाचा प्रोग्रॅम वापरा, फुकट आहे. क्रोमच्या नादी लागू नका. फ्लॅश 31 डिसेंबर 2020 ला संपलं, आणि बाकीचे जुने प्लगइन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) क्रोमनं 2015 मध्येच काढून टाकले.

सांगलीचा_जुना_कॅफेवाला :
पोरगं बरोबर सांगतंय. पण ताईंनी आरएएमचं विचारलंय, ते राहिलं की ओ.

फाइल खराब नाही. आरएएममध्ये आवाज नसतोच, ती नुसती चिठ्ठी. 'गाणं अमक्या सर्व्हरवर आहे, तिथून घे' एवढंच तिच्यात लिहिलेलं. खरं गाणं आरएममध्ये. तो सर्व्हर कधीच मेला, त्यामुळे चिठ्ठी फेकली तरी चालेल (फेकू नका, राहू द्या).

मी 1999 ते 2007 सांगलीत कॅफे चालवला. चार मशिनी, एक फोनलाइन. परदेशात पोरं असलेले आईबाप यायचे, त्यामुळे हे सगळे प्लगइन मी हातानं बसवलेत. नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरनं 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय आणली. पानात एक चौकोन मोकळा सोडायचा, आणि फाइलीचा प्रकार बघून ब्राउझर आपल्या प्लगइन फोल्डरात त्या प्रकाराचा मालक शोधायचा. सापडला तर चौकोन त्याच्या ताब्यात. नाही सापडला तर कोड्याच्या तुकड्याचं चित्र, आणि गिऱ्हाईक माझ्याकडं बघणार, जसं काय मीच पळवलंय. प्लगइन हा भाडेकरू ब्राउझरच्या घरातच राहायचा, त्यामुळे तो कोसळला की सगळं नेटस्केप घेऊन जायचा. अर्धवट लिहिलेली मेलसुद्धा. शिव्या मात्र मला.

चार एमबीचा सेटअप डायलअपवरनं उतरवायला वीस मिनिटं, तीही मधे कुणाचा फोन आला नाही तर. म्हणून संगणकाच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्यांवरचे सेटअप मी जपून ठेवायचो.

फ्लॅशची इंट्रो आली की माझं डोकं फिरायचं, खरं सांगतो. दुकानाचं नाव फिरत फिरत येणार, आणि तासाला 40 रुपये भरणारा माणूस ते बघत बसणार! रिअलऑडिओ (तुमच्या आरएम फाइली त्याच्याच) मात्र कामाची वस्तू. 1995 पर्यंत अख्खी फाइल उतरल्याशिवाय ऐकताच यायचं नाही. ह्यानं उतरता उतरता वाजवून दाखवलं. पण त्याची किंमत होती. 28.8 किलोबिटच्या मोडेमवर तग धरायचा म्हणजे सेकंदाला साधारण 20 किलोबिट. तीन मिनिटांची फाइल 450 केबीच्या आसपास. तुमच्या फाइलींचा आकार बघा, एवढाच निघेल.

आता तुमच्या धंद्याची गोष्ट. एवढ्यात बसवायला वरचे सूर छाटावे लागायचे. आणि तानपुऱ्याची जवारी तर त्या वरच्या सुरांतच असते. तारेखालचं सूत सरकवून तुमच्या बाबांनी जी गुंज उभी केली, नेमकी तीच वाटेत गळाली असणार. बिचारं परदेशातलं गिऱ्हाईक भोपळा ऐकत बसलं असेल.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, आरएमवरनं नवी फाइल करताना एमपी3 करू नका, वेव्ह करा. आधीच छाटलेलं परत छाटायला नको. दुसरं, हे रेकॉर्डिंग मुळात कशावर झालं होतं ते शोधा.

मिरजेची_तार :
काका, सहा फाइली वाजल्या! आकार 440 ते 470 केबी, तुम्ही म्हणालात तसेच. सातवी मधेच तुटते. आणि जवारीचं अगदी खरं. भावानं ऐकलं आणि म्हणाला, "हा आपला तानपुरा नव्हे, डब्यात मधमाशी अडकलीय." चौथ्या फाइलीत शेवटी बाबा कुणाला तरी ओरडतायत, "पंचम उतरलाय, परत लाव." ते मात्र अगदी स्वच्छ ऐकू येतं.

एमओव्हीपण चालली. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं आहे, पण हात दिसतात.

आईला विचारलं. म्हणाली, दुकानाच्या टेपवर कॅसेट भरून आतेभावाला टपालानं पाठवली होती. एक प्रत घरी ठेवलेली, ती गणपतीच्या आरत्यांच्या कॅसेटींमध्ये मिळाली. पण आमच्याकडे आता डेक नाही.

पलूसचा_पोरगा :
ताईंच्या भावाचं वर्णन भारी आहे 😄

सांगलीचा_जुना_कॅफेवाला :
भोपळा म्हटल्याबद्दल माफी असावी, मधमाशी जास्त बरोबर.

डेक आहे माझ्याकडं. बेल्ट सैल झालाय, तो या आठवड्यात बदलून घेतो. नाहीतर तुमचा पंचम परत उतरायचा. तुम्हाला मेसेजमध्ये पत्ता पाठवलाय, रविवारी सकाळी या. कॅसेट गाडीत काचेजवळ उन्हात ठेवू नका. आणि घरनं निघायच्या आधी तिच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या दोन्ही मोडून आणा. माझं बोट आता पूर्वीसारखं नेमकं पडत नाही, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर नको.