नको असलेले फोन, न दिलेली परवानगी: तुमचे अनुभव लिहा

अबोली
काल आईच्या फोनवर १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून फोन आला. तिने घाबरून कट केला आणि मला विचारलं, "हे फसवणारे असतील का गं?" तिच्या एफडीबद्दल बँकेचाच फोन होता तो. तिला समजावताना २०१४ ची एक सकाळ आठवली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही.

बाबा आयसीयूत होते. वर थांबू देत नव्हते, "काही लागलं तर फोन करू" म्हणाले होते. मी खाली बाकड्यावर, फोन मुठीत. सातच्या सुमाराला अनोळखी नंबर. छातीत धस्स झालं. उचलला तर रेकॉर्ड केलेला आवाज, "अभिनंदन! आपल्याला कर्ज मंजूर झालं आहे." मी "हॅलो, सिस्टर, हॅलो" करत राहिले आणि तो आवाज आपला बोलतच राहिला. समोर माणूस असता तर निदान त्याला कळलं असतं की इथे काय चाललंय.

नंबर मी कुठेतरी दिला असणारच. शाळेचा फॉर्म, गॅसचं बुकिंग, दुकानाचं बिल. पण तो त्या कामापुरता होता ना? यंत्राने मला कधीही फोन करावा असं मी कोणाला म्हटलं होतं?

तुमचे अनुभव लिहा. तक्रार करून उपयोग झाला असेल तर तेही नक्की लिहा.

पाऊसवेडी
वाचूनच काटा आला. बाबा कसे आहेत आता?

अबोली
ठणठणीत. रोज सकाळी फिरायला जातात.

पाऊसवेडी
हुश्श. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

नानाचा_मळा
"अनोळखी नंबर उचलूच नका" हे सांगणं सोपं आहे हो. आमचं सगळं कामच अनोळखी नंबरवर चालतं. लासलगावला कांदा घेऊन ट्रॅक्टर रांगेत उभा असतो. गाडीवाला नवा, मजुरांचा मुकादम नवा, व्यापाऱ्याचा माणूस नवा. प्रत्येक फोन उचलावाच लागतो. लिलाव तोंडावर आलेला असतो आणि कानात क्रेडिट कार्ड. एकदा त्या नादात माझा पुकारा ऐकायचा राहिला.

फिरस्ती
नाना +१. मी घरोघरी फिजिओथेरपी करते, नवा पेशंट म्हणजे नवा नंबरच. न उचलून कसं चालेल.

कडुनिंब
अबोली, सकाळी सातला? ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) तेव्हाच्या २०१० च्या नियमावलीत रात्री नऊ ते सकाळी नऊ जाहिरातीच्या फोन-मेसेजना बंदीच होती. म्हणजे तो फोन तेव्हाही बेकायदाच.

अबोली
हे मला आज कळतंय. त्या वेळी तक्रार करायचं सुचणंही शक्य नव्हतं.

दुपारचा_चहा
माझ्या आजीला रेकॉर्डेड फोन आला की ती अगदी आदराने बोलायची. "नाही हो ताई, मला कर्ज नको, पेन्शन पुरते मला. तुम्ही जेवलात का?" पलीकडची ताई थांबायचीच नाही. मग आजी रागवायची, "मुलगी गुणाची वाटते, पण दुसऱ्याचं ऐकून घेत नाही." :)) आज ती नाही. पण तिचा तो "जेवलात का" आठवला की वाटतं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या साधेपणावर हा धंदा चालतो याची खरंच चीड यावी.

पाऊसवेडी
आजी किती गोड!! आमच्या आज्जेसासूबाई लँडलाइनवर "नंबर चुकला" म्हणणाऱ्यालाही गाव कुठलं ते विचारायच्या. आमचा लँडलाइन २०१९ ला काढला, त्याची जागा भिंतीवर अजून पांढरी आहे.

दुपारचा_चहा
आमच्याकडे तिथे देवाचं कॅलेंडर लागलंय.

हेडफोनवाला
मी कॉल सेंटरला होतो म्हणून आतलं सांगतो. उचलल्यावर पलीकडे कोणीच बोलत नाही असे फोन येतात ना? तो डायलर असतो. यंत्र एकाच वेळी बरेच नंबर फिरवतं, कारण निम्मे लोक उचलणार नाहीत असं धरलेलं असतं. अंदाजापेक्षा जास्त लोकांनी उचलला की बोलायला माणूस मोकळा नसतो, आणि तुमच्या वाट्याला नुसती शांतता.

नंबरांच्या यादीला आम्ही "डेटा" म्हणायचो. नियम असा की डेटा आधी डीएनडीच्या, म्हणजे "जाहिराती नकोत" असं नोंदवलेल्यांच्या, यादीशी ताडून पाहायचा, त्याला स्क्रबिंग म्हणतात. नोंदणीकृत कंपन्या ते करतात, त्यांचे जाहिरातीचे फोन १४० च्या सिरीजवरूनच यायला हवेत. खरा त्रास साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करणाऱ्यांचा. सिम घ्यायचं, फोन करत सुटायचं, बंद पडलं की दुसरं. एक विनंती, समोर माणूस असेल तर शिव्या देऊ नका. बावीस वर्षांचं पोर असतं, टार्गेट असतं. "नको, यादीतून नंबर काढा" एवढं म्हणा आणि तक्रार करा.

कडुनिंब
हेडफोनवाला, फार चांगलं सांगितलंत. यात एक भर घालतो. साध्या नंबरवरून जाहिरात आली तर डीएनडी घेतलेलं नसलं तरी तक्रार करता येते. "माझं डीएनडी नाही" म्हणून गप्प बसू नका.

मोगरा_दारचा
मला कपड्यांच्या दुकानात बिलाला नंबर मागितला, नाही म्हटलं तर "सिस्टिम पुढे जात नाही मॅडम". मागे रांग. सगळे माझ्याकडे बघतायत. शेवटी मॅनेजरला बोलावलं आणि बिल झालं की नंबराशिवाय!! ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांना बजावलंय की नंबराची सक्ती करू नका, ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सगळ्यांनी एकदा तरी नाही म्हणून बघा. मागच्या काकूंनीही मग नंबर दिला नाही, मला फार बरं वाटलं.

रानवारा
चुलतभावाने ॲपवरून कर्ज घेतलं. हप्ता थकला आणि फोन मला! ॲपने त्याच्या फोनमधली सगळी नावं उचलली होती. मी ना जामीनदार ना काही. सकाळी सहाला फोन, रात्री अकराला फोन, त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायचे. आमचे काका त्या दिवसांत खचले होते.

मग शोधून काढलं. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या ऑगस्टमध्येच सांगितलंय की वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. आणि डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट बघायची मुभाच नाही. हे लेखी पाठवलं, सोबत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. फोन बंद झाले. भाऊ आता ठीक आहे, हप्ते फिटले. कोणाच्या घरी असं चालू असेल तर घरच्या माणसाला आधी जवळ घ्या, लाजेपायी लोक बोलत नाहीत.

फिरस्ती
रानवारा, शेवटची ओळ लाख मोलाची.

पाटीपेन्सिल
दुसरी बाजू पण ऐका. माझे शिकवणीचे क्लास आहेत. पालकांना "उद्या सुट्टी" कळवायला बल्क मेसेज लागतात. त्यासाठी डीएलटीवर (बल्क मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर) नोंदणी, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) मंजूर करून घ्या, प्रत्येक मजकुराचा नमुना मंजूर करून घ्या. सुरुवातीला जीव मेटाकुटीला आला होता. पण आता मी त्याच्या बाजूने आहे. मेसेजमागे कोण आहे ते सापडतं. हल्ली हेडरच्या शेवटी अक्षर असतं बघा: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. आईबाबांना एवढं शिकवलं तरी खूप.

फोन नंबर प्रवेशअर्जावर येतो म्हणून मी पालकांना नव्या बॅचची जाहिरात पाठवत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी घेते. कोणी "नको" म्हटलं की विषय संपला.

मोगरा_दारचा
तुमच्यासारखे सगळे असते तर!

आंबेमोहोर
डीएनडी घेतलं की ओटीपी बंद होतात का? नवरा म्हणतो होतात म्हणून घेऊ देत नाही.

कडुनिंब
नाही होत. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज, सगळं येतं. फक्त जाहिराती थांबतात. १९०९ वर इंग्रजीत स्टार्ट लिहून एक जागा सोडून शून्य पाठवा, सगळं बंद. काही विषय चालत असतील तर शून्याऐवजी त्या विषयाचा आकडा.

आंबेमोहोर
पाठवलं. त्यांना हा धागाच दाखवते.

सांजवात
घर बघायला एका साइटवर नंबर टाकला. घर घेऊनही झालं, गृहप्रवेश झाला, तरी फ्लॅट दाखवणारे फोन चालूच. प्रत्येक जण म्हणतो "मॅडम, तुम्हीच चौकशी केली होती". चौकशी एकदा केली म्हणजे जन्मभराची का?

कडुनिंब
नाही, आणि हेच मुद्द्याचं आहे. ट्रायची २०१८ ची नियमावली २०२५ च्या फेब्रुवारीत सुधारली. चालू व्यवहारासाठी दिलेली संमती आता सात दिवसच धरली जाते. जाहिरातीच्या मेसेजमध्ये नको म्हणायची सोय द्यावीच लागते, आणि तुम्ही नको म्हटल्यावर ९० दिवस पुन्हा संमती मागायची नाही.

तक्रारीची मुदतही तीन दिवसांवरून सात दिवस केलीय. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की बिगरनोंदणी नंबरवर कारवाई. पहिल्यांदा पंधरा दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केलं तर वर्षभरासाठी सगळीच कनेक्शनं तोडतात, तीही सगळ्या कंपन्यांकडची. म्हणून सांगतो, नुसतं ब्लॉक करून थांबू नका. ब्लॉक तुमच्यापुरता असतो. तुमची तक्रार त्या पाचातली एक असते, तिच्यामुळे नानांचा फोनही शांत होतो.

सांजवात
हे माहीतच नव्हतं. मी आजवर फक्त ब्लॉक करत आले. शेवटचा फोन परवाचा आहे, म्हणजे मुदतीत आहे. आत्ता करते.

रानवारा
माझा उलट अनुभव. तक्रार केली, "कारवाई केली" असा मेसेज येऊन बंद. काय कारवाई ते नाही. तीच माणसं दुसऱ्या नंबरवरून. परत केली. आता बऱ्यापैकी कमी आहेत, पण ग्राहकाने असं मागे लागत राहायचं हे काही पटत नाही.

हेडफोनवाला
पटायला नकोच. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो, संमती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणं सोपं हवं. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, सगळं टप्प्याटप्प्याने लागू होतंय. माझी खूप आशा आहे त्यावर.

नानाचा_मळा
कडुनिंबभाऊ, माझा बटणाचा फोन आहे. तक्रारीचं ॲप त्यात चालत नाही. मी काय करू?

कडुनिंब
नाना, ॲप नको. १९०९ वर सरळ फोन लावा, नाहीतर मेसेज करा: आलेला नंबर, तारीख, आणि काय म्हणत होते ते थोडक्यात.

पाऊसवेडी
आले परत. एवढं सगळं लिहून झालंय की मला लिहायलाच उरलं नाही! व्हॉट्सॲपवर येतात त्यांचं काय पण? "घरबसल्या कमवा" वाले?

पाटीपेन्सिल
ते ट्रायच्या या नियमांत बसत नाहीत. तिथेच रिपोर्ट करून ब्लॉक कर. फसवणुकीचा वास आला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर "चक्षू" ही सोय आहे, तिथे स्क्रीनशॉटसकट कळव. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३०.

नानाचा_मळा
लागला फोन. तक्रार क्रमांक मेसेजवर आलाय. मुलाच्या आणि सोसायटीतल्या दोघांच्या फोनवरून पण करून घेतो, तोच नंबर त्यांनाही येतो.