शेवळांबरोबर काकडं घेतलीत का?

बी-३०२ : सुप्रभात मंडळी. काल संध्याकाळी स्टेशनबाहेर शेवळं मिळाली, ती पावसाळ्यातली रानभाजी. पहिल्यांदाच आणली. व्हिडिओ बघून कांद्यावर परतून भाजी केली. चार घास पोटात गेले नाहीत तोच सगळ्यांच्या घशात टोचायला लागलं. धाकटा रडकुंडीला आला होता. आता बरं आहे सगळ्यांना, पण भाजी खराब होती का? एक जुडी उरली आहे. टाकून देऊ?

सी-१०१ : अरे बापरे! सूज किंवा श्वासाला त्रास नाही ना? तसं वाटलं तर लगेच डॉक्टरांकडे जा, वाट बघू नका.

बी-३०२ : नाही ताई, तासाभरात थांबलं सगळं.

बी-६०४ : टाकू नका. भाजी चांगलीच असणार. शेवळांबरोबर काकडं घेतलीत का?

बी-३०२ : काकडी? नाही काकू.

बी-६०४ : काकडी नव्हे, काकडं. छोट्या आवळ्याएवढी हिरवी फळं, आंबट-तुरट. शेवळं विकणारीच्या टोपलीत बाजूलाच असतात. ती दिली नाहीत का तिने?

बी-३०२ : दाखवली होती. मला वाटलं काहीतरी जास्तीचं गळ्यात मारतेय. नको म्हटलं.

बी-६०४ : तिथेच चुकलं बघा. थांबा, सविस्तर लिहिते. माझं माहेर मुरबाडकडचं. शेवळं आमच्या घरात मृगाचा पाऊस पडला की यायची आणि दोन-तीन आठवड्यांत संपायची. हाताला आधी तेल लावा. वरची जून पाती काढून टाका. आतला दांडा उघडला की पिवळा दाणेदार भाग दिसेल. तो सगळा कापून फेका, जरासुद्धा ठेवू नका, जास्त खाज त्यातच असते. उरलेलं बारीक चिरून भरपूर तेलावर चांगलं परता, रंग काळपट होईपर्यंत. काकडं ठेचून पाण्यात कुस्करा आणि गाळून तो रस भाजीत घाला. मग भिजवलेली चणाडाळ, कांदा-खोबऱ्याचं वाटण. खाणारे असाल तर कोळंबी किंवा सोडे. घाई अजिबात नको, मंद आचेवर तेल सुटेपर्यंत शिजू द्या. काकडं मिळालीच नाहीत तर चिंचेचा कोळ नेहमीपेक्षा जास्त घाला, पण ती चव येत नाही. आणि आज धाकट्याला देऊ नका. आधी मोठ्यांनी दोन घास खाऊन अर्धा तास बघा.

ए-४०५ : काकूंचं बरोबर आहे. शेवळं सुरणाच्याच जातीची. या वर्गात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण असतात, तेच घशाला टोचतात. अळूचंही तेच. आंबट घातल्याने आणि पूर्ण शिजवल्याने त्रास खूप कमी होतो. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावं.

सी-१०१ : खरं सांगू का, हे वाचून मला भीतीच वाटली. मेथी, पालक, फ्लॉवर बाराही महिने मिळतात, सकाळी सात वाजता डबा भरायचा असतो. एवढी उस्तवार कुणी करायची?

बी-६०४ : अहो, रोज करा असं मी म्हणतच नाही. वर्षातून दोनदा करा. पण एक गोष्ट लक्षात घ्या, फार मोलाची आहे. मोसमाची भाजी एकटी येत नाही, जोडीदार घेऊन येते. शेवळांबरोबर काकडं. टाकळ्याची पालेभाजी येते तेव्हा घरात उन्हाळ्यात खाल्लेल्या फणसाच्या आठळ्या वाळवून ठेवलेल्या असतात, त्या टाकळ्यात पडतात. अळूबरोबर आंबट चुका किंवा चिंच, वर शेंगदाणे. बाजारातल्या बाईच्या टोपलीत जे शेजारी शेजारी मांडलेलं असतं, तेच एका पातेल्यात जातं. कातकरी-ठाकूर बायका रानात फिरून ते गोळा करतात, पहाटेची गाडी पकडून येतात. त्यांना विचारा, "ह्याच्यात काय घालू?" एका मिनिटात सांगतात. मला अर्ध्या भाज्या अशाच कळल्या.

ए-२०६ : काकू, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या खानदेशात तसंच आहे. थंडीत भरताची मोठी हिरवी वांगी येतात, तेव्हाच शेतात कापूस वेचून झालेला असतो. त्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावरच वांगी भाजतात. कांद्याची पातही तेव्हाच कोवळी. हिरवी मिरची, शेंगदाणे आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. इथे गॅसवर भाजलं की वांगं तेच असूनही तो धुराचा वास येत नाही, आई दरवर्षी हळहळते.

बी-६०४ : अगदी. भोगीला बघा ना, वांगं, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, बोरं, तिळाचं कूट, सगळं एकाच भाजीत. त्या आठवड्यात शेतात जे आहे तेच ताटात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी.

डी-५०३ : आमच्याकडे आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी असते. कांद्याची भजी, भरीत, सगळं त्या दिवशी खाऊन घ्यायचं. मग चातुर्मासात कांदा-वांगं बंद. पुन्हा वांगं थेट चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. सासूबाई म्हणायच्या, पावसात वांगी किडकी निघतात, म्हणून देवानेच सुट्टी दिली.

ए-११० : काकू, पार्किंगच्या मागे टाकळा उगवलाय असं वाटतंय. खुडू का?

बी-६०४ : नीट ओळखता येतो का? टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात आणि पानांची टोकं गोलसर असतात. कासविंदा त्याच्यासारखाच दिसतो, पण त्याची पानं टोकदार, जोड्याही बहुधा जास्त. तो खायचा नाही. शिवाय आपल्या मागच्या बाजूला गटार आहे आणि मागच्या महिन्यात तणनाशक मारलंय. तिथलं काहीही खुडू नका. बाजारातून आणा, फुलं यायच्या आधीचा कोवळा. लसूण जास्त घाला.

सी-१०१ : ठीक आहे, टाकळा मी करून बघते या रविवारी. आठळ्या कुणाकडे आहेत?

ए-२०६ : आमच्याकडे मूठभर आहेत, पाठवते.

(रात्री ९.२०)

बी-३०२ : काकू, झाली! सकाळी परत त्याच बाईकडे गेले. माझ्याकडे बघून तिनेच विचारलं, "काल टोचलं ना?" वाटाभर काकडं दिली आणि पिवळा भाग कसा काढायचा ते हातात धरून दाखवलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. आधी आम्ही दोघांनी दोन घास खाल्ले, अर्धा तास थांबलो. काही नाही! मग जेवलो. ह्यांनी पातेलं पुसून भात खाल्ला. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात शेवळं संपतील, मग कर्टोली आणेन.

बी-६०४ : कर्टोलीला जोडीदार लागत नाही. नुसत्या तेलावर, मीठ-तिखट आणि वर ओलं खोबरं.

बी-३०२ : १०-१२ काकडं उरली आहेत. कुणाला हवी असतील तर दारावरची घंटा वाजवा, मी जागी आहे.