फायबरच्या होडीला हाताने मेण लावलं, पण एकच बाजू पंधरा दिवसांत पुन्हा पांढरी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोव्यात मांडवी नदीच्या उत्तर काठावर, ब्रिटोनाला, आमची १६ फुटी फायबरची होडी आहे. गडद निळी. बाबा १९ वर्षं तिच्यातूनच जाळं टाकायला जातात. यंदा मेण लावायचं काम मी अंगावर घेतलं आणि ते फसलं.

होडी आम्ही नाळ, म्हणजे पुढचं टोक, काठाकडे करून बांधतो, त्यामुळे डावी बाजू कायम पश्चिमेला. दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्यावर, शिवाय पाण्यावरून उलटून येतं ते वेगळंच. उजवी बाजू अजून इतकी लखलखीत की खुंटाचा दोर तीत दिसतो. डावीवरून हात फिरवला तर तळवा चुन्यात बुडवल्यासारखा पांढरा होतो. पाणी मारलं की निळा रंग जसाच्या तसा वर येतो, वाळलं की पुन्हा राख.

दसऱ्यानंतर पाऊस उघडला तशी होडी सरळ वर ओढली. विहिरीच्या पाण्याने खार धुतला, सुकवली, आणि दुपारी जेवून आल्यावर कार्नोबा मेणाचे दोन हात दिले. फक्त पाण्याच्या रेघेच्या वर. खाली शिंपले धरू नयेत म्हणून मारलेला रंग आहे, त्याला हात लावला नाही. मेण लावताक्षणी सुकत होतं, फडक्याने निघता निघेना, पट्टे उरले. दोन दिवस रंग सुंदर दिसला. आता परत तेच.

बाबा म्हणतात, अजून मेण घाल. त्यांची पहिली होडी लाकडाची होती, तिला दरवर्षी काजूच्या टरफलांचं तेल पाजायचे. पण लाकूड तेल पितं, फायबर काही पीत नाही, असं मला वाटतं. घासून चमकवायचं मशीन मारायला बाबांची साफ ना आहे. ओळखीतल्या एका होडीला बाहेर मशीन मारून आणलं, तर नाळेच्या धारेवरचा जेलकोट (फायबरवरचा रंगीत, गुळगुळीत थर) उडून आतले काचेचे धागे दिसायला लागले. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मलाही धीर होत नाही. काठावर वीजही नाही.

तर आधी ही पांढरी भुकटी काढावी लागेल का? आणि हाताने घासताना कुठे थांबायचं ते कसं ओळखायचं?

प्रतिसाद:
तुमचा अंदाज बरोबर आहे. उन्हाने जेलकोटचा वरचा थर मरतो, ती भुकटी म्हणजे तोच. मेण तुम्ही त्या भुकटीवर लावलंत, भुकटी झडली, मेणही गेलं. चमक मेणाने येत नाही, घासण्याने येते. मेण ती टिकवतं.

बारीक रबिंग कंपाउंड, म्हणजे घासायची किंचित खरखरीत पेस्ट, आणा. दोन बाय दोन फुटांचा तुकडा धरा, ओलसर सुती कापडाने गोल गोल घासा. कापडावर आधी पांढुरका निळा रंग येईल. तो गडद निळा यायला लागला की मेलेला थर संपला, थांबा. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर असतो, हाताने सपाट जागी तो सहज संपत नाही, पण धारा आणि कोपरे हलकेच घ्या. मग पॉलिश, मग मेण. मेण अगदी पातळ, धुरकट दिसलं की लगेच पुसा. ओलं करून बघू नका, ओल्यावर सगळंच चांगलं दिसतं.

आणि ते दुपारचं सोडा. तुमची डावी बाजू सकाळी स्वतःच्याच सावलीत असते, तेव्हा करा. आत उभं राहायच्या जागी मेण चुकूनही लावू नका, जाळं ओढताना पाय घसरेल.

मूळ धागाकर्ता:
खूप आभार. आज सकाळी सातला नाळेपासून हातभर मागे एक तुकडा केला. पाऊण तास लागला, खांदे भरून आले. कोरड्या तुकड्यात बाबांना स्वतःचा हात दिसला, तेव्हा त्यांनी न बोलता दुसरं कापड उचललं आणि शेजारचा तुकडा घासायला घेतला. असे अजून बरेच आहेत. पॉलिशला तेच कापड धुऊन चालेल की नवं घ्यावं?