‘ड्राय गुड्स’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियातली दुकानं आणि त्यांच्या चोपड्या यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. ‘ड्राय गुड्स’पाशी गाडं अडलंय. ‘सुका माल’ लिहिलं, तर घरून प्रश्न आला, बोंबील का?

प्रतिसाद : ‘कापडचोपड’ लिहा, बिनधास्त. अमेरिकेत या शब्दाचा रोख मुख्यतः कापडावर. सुया, टाचण्या, बटणं, बकलं त्याच फळीवर. खरं तर आपल्याकडे या बारीकसारीक वस्तूंना ‘कटलरी’ म्हणतात, पण ते लिहिलंत तर लोक काटे-चमचे शोधत बसतील.

विचारणा : आणि कापडांची नावं? चिंट्झ, कॅलिको, रोमाल, ऑस्नाबर्ग...

प्रतिसाद : अहो, चिंट्झ म्हणजे आपलं चीट! आजी चिटाचं पोलकं म्हणायची ते. इंग्रजांनी ‘चिंट’चं अनेकवचन केलं आणि पुढे तेच एकवचन म्हणून रुळलं. रोमाल म्हणजे रुमाल. कॅलिको कालिकतवरून, पण अमेरिकेत छापील सुती कापडाला म्हणतात, इंग्लंडात साध्या, तेव्हा तिथे जपून. १७०० च्या कायद्याने छापील हिंदुस्थानी कापड वापरायला इंग्लंडात बंदी आली, वसाहतींना मात्र ते विकता येई. ऑस्नाबर्ग हे ओस्नाब्रुक या जर्मन गावावरून नाव पडलेलं जाडंभरडं कापड. गुलामांच्या अंगावर बहुधा हेच असे. त्याला ‘मांजरपाट’ करू नका, मूळ कापड तागासारख्या जवसाच्या धाग्याचं, सुती नव्हे.

दुसरा प्रतिसाद : चोपड्यांची भाषा तर आयतीच आहे. ‘डेबुक’ म्हणजे रोजकीर्द, ‘लेजर’ म्हणजे खतावणी. नाण्यांची चणचण असल्याने बहुतेक व्यवहार खात्यावर. पौंड-शिलिंग-पेन्सचे तीन रकाने, १२ पेन्सचा शिलिंग. आपल्या आण्यातही १२ पैच. गिऱ्हाईक तंबाखू घालून खातं फेडी. व्हर्जिनियातल्या १७३० च्या कायद्यानंतर वखारीत तपासलेल्या तंबाखूची पावतीच पैशासारखी फिरे. तंबाखूच्या ‘हॉग्जहेड’ला सरळ पिंप म्हणा, भरल्यावर वजन साधारण हजार पौंड.

विचारणा : ‘शुगर लोफ’ला ‘साखरेची ढेप’ चालेल?

प्रतिसाद : ढेप गुळाची, बसकी. ही साखर शंकूसारखी, निळ्या कागदात गुंडाळलेली, दगडासारखी टणक. अडकित्त्यासारख्या चिमट्याने खडे तोडायचे. ‘साखरेचा शंकू’ बरं.

दुसरा प्रतिसाद : शंकू भूमितीतला वाटतो हो. साखरपुड्यातला सजवलेला पुडा आठवा, आकार तोच. ‘साखरेचा पुडा’ म्हणा.

प्रतिसाद : पुड्यात सुटी साखर असते. इथे साखरच पुड्याच्या आकाराची आहे.

विचारणा : मग ‘साखरेचा सुळका’?

दुसरा प्रतिसाद : हा घ्या. टणकपणाही आला.

विचारणा : ‘बोहिया’ चहाचं काय करू?

प्रतिसाद : तसाच ठेवा. चीनमधल्या वुयी डोंगरांतला काळा चहा, त्या डोंगरांच्याच नावाचा अपभ्रंश. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या बुडवल्या, त्यातल्या बहुतेक याच्याच.